कृष्णविवराच्या पलीकडे काय असू शकतं? गणित कुठवर नेतं आणि कुठे अडतं

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

कृष्णविवराच्या पलीकडे काय, या प्रश्नाला सहसा दोन उत्तरं मिळतात. एक, ‘कुणालाच काही माहीत नाही, काहीही असू शकतं.’ दुसरं, ‘वर्महोल (अवकाशाचे दोन भाग जोडणारा बोगदा) आहे, पलीकडे दुसरं विश्व आहे, आइन्स्टाइनच्या समीकरणांतून सिद्ध झालंय.’ दोन्हींनी वाचकाची फसगत होते. क्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परत बाहेर येत नाही त्या सीमेच्या, आतलं बरंचसं गणित पक्कं आहे आणि पलीकडे नेणारी प्रत्येक वाट नेमकी कोणत्या पायरीवर अडते तेही बऱ्यापैकी ठाऊक आहे. या धाग्यात एकेक वाट घेऊन ती कुठवर चालते ते आकड्यांसह लिहूया.

आधी माप ठरवू. गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग: ही एक लांबी येते, तिला ‘म’ म्हणू. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी म = १.४८ किमी; प्रकाशाला तेवढं अंतर कापायला ४.९३ मायक्रोसेकंद लागतात. न फिरणाऱ्या विवराचं घटनाक्षितिज २ म वर असतं. सूर्यासाठी २.९५ किमी, पृथ्वीसाठी ९ मिमीला जरासं कमी. आकाशगंगेच्या केंद्रातल्या सॅजिटेरियस ए* साठी (सुमारे ४३ लाख सूर्य) १.२७ कोटी किमी. एम८७* साठी (एम८७ दीर्घिकेच्या केंद्रातलं विवर, सुमारे ६५० कोटी सूर्य) १,९०० कोटी किमीच्या वर, म्हणजे प्लूटोच्या कक्षेच्या सरासरी त्रिज्येच्या तिप्पट.

आता मुख्य मुद्दा. श्वार्ट्‌झशिल्डचं १९१६ चं उत्तर (आइन्स्टाइनच्या समीकरणांचं, न फिरणाऱ्या विवरासाठीचं) नीट पाहिलं तर २ म च्या आत त्रिज्या आणि काळ यांच्या भूमिका बदलतात. बाहेर त्रिज्या ही जागेची दिशा असते, तिच्यावर पुढे-मागे करता येतं. आत तीच काळाची दिशा होते आणि ती फक्त घटते. त्यामुळे सिंग्युलॅरिटी (जिथे पडणाऱ्याचा मार्ग आणि गणित दोन्ही संपतात ती) ही आत पडणाऱ्याच्या ‘समोर’ कुठेतरी असलेली जागा नाही. ती त्याच्या भविष्यातली वेळ आहे. तिला वळसा घालता येत नाही, कारण उद्याला वळसा घालता येत नाही. विवराच्या पलीकडे काय हा प्रश्न म्हणूनच ‘त्या क्षणानंतर काय’ असा होतो. पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला हीच कसोटी लावून पाहा.

अनुकलन

धागा आवडला. आत किती वेळ मिळतो ते लिहितो, कारण याबाबत बऱ्याच लेखांत चुकीचं छापलेलं असतं.

फार दूरवरून, स्थिर अवस्थेतून सुटून थेट पडणाऱ्याला क्षितिजापासून सिंग्युलॅरिटीपर्यंत स्वतःच्या घड्याळाने ४/३ म एवढा वेळ लागतो (वेळ मोजताना म म्हणजे प्रकाशाला तेवढं अंतर कापायला लागणारा वेळ). जास्तीत जास्त शक्य वेळ आहे π × म. या मर्यादेपलीकडे कुठलंही इंजिन नेऊ शकत नाही.

१० सूर्य: पडताना ६६ मायक्रोसेकंद, कमाल १५५ मायक्रोसेकंद.
सॅजिटेरियस ए*: पडताना २८ सेकंद, कमाल ६६ सेकंद.
एम८७*: पडताना सुमारे १२ तास, कमाल सुमारे २८ तास.

‘इंजिन चालू केलं की उलट लवकर मरतो’ असं वाक्य खूप फिरतं. ते अर्धंच खरं आहे. दूरवरून पडत आलेल्याने क्षितिज ओलांडल्याबरोबर बाहेरच्या दिशेने जोर लावला तर वेळ वाढतो. पण एका ठरावीक मर्यादेपर्यंतच. विवराच्या सममितीतून जी ‘ऊर्जा’ नावाची टिकून राहणारी राशी मिळते, ती शून्यावर आली की इंजिन बंद करायचं आणि मुक्त पडायचं. त्यानंतरही जोर लावत राहिलं तर राशी ऋण होते आणि वेळ पुन्हा घटतो. २००७ मध्ये हे गणित सविस्तर प्रसिद्ध झालं आहे. आणि घाई महत्त्वाची: अर्धा रस्ता गेल्यावर जोर लावून फारसं हाती लागत नाही.

पाथेय

भरतीबलाचं काय? शरीर ताणलं जाऊन तुटतं ते क्षितिजावर की आत?

अनुकलन

@पाथेय, वस्तुमानावर अवलंबून आहे, पण त्यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे.

डोकं आणि पाय यांत २ मीटर अंतर धरा. १० सूर्यांच्या विवराच्या क्षितिजावर दोन टोकांच्या त्वरणांतला फरक पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २ कोटी पट येतो. सॅजिटेरियस ए* च्या क्षितिजावर तोच फरक पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाचा सुमारे नऊ हजारावा भाग. जाणवणारही नाही.

आता हेच उरलेल्या वेळाच्या भाषेत लिहा. दर मीटरमागचं ताणणारं त्वरण = ४ भागिले (९ × उरलेल्या वेळाचा वर्ग). या सूत्रात वस्तुमान उरतच नाही! २ मीटरसाठी फरक १० पट गुरुत्वत्वरणावर पोचतो तेव्हा शेवटाला ०.०९५ सेकंद उरलेले असतात, विवर कुठलंही असो. १० सूर्यांच्या विवरात हा क्षण केंद्रापासून ३,८०० किमीवर येतो, क्षितिजाच्या कितीतरी बाहेर. सॅजिटेरियस ए* मध्ये २.९ लाख किमीवर, क्षितिजाच्या खोल आत. दोन्हींच्या मधली सीमा सुमारे साडेचौदा हजार सूर्यांपाशी आहे. त्याहून जड विवरात माणूस क्षितिज सुखरूप ओलांडेल. (एकटं विवर धरलं आहे. भोवती तप्त वायूची चकती असेल तर तिथवर पोचायच्या आधीच किरणोत्सार जीव घेईल.)

लंबवर्तुळ

आता वर्महोलची वाट. तिच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा विस्ताराने.

१९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी दाखवलं की श्वार्ट्‌झशिल्डच्या उत्तरात दोन सपाट विश्वं एका गळ्याने जोडलेली दिसतात. १९६० मध्ये क्रुस्कल आणि सेकेरेश यांनी स्वतंत्रपणे असे सहनिर्देशक (जागा आणि वेळ सांगणारे आकडे) दिले की संपूर्ण नकाशा एका चित्रात आला. त्यात चार भाग आहेत: आपलं विश्व, कृष्णविवर, दुसरं विश्व आणि श्वेतविवर (उलटं कृष्णविवर, ज्यातून फक्त बाहेर येता येतं). ‘समीकरणांतून सिद्ध झालंय’ म्हणतात ते या चित्राच्या आधारावर.

ही वाट दोन जागी तुटते.

पहिली जागा: गळा स्थिर नाही. १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी त्याचं आयुष्य मोजलं. गळा शून्यातून उघडतो, २ म त्रिज्येपर्यंत रुंदावतो आणि पुन्हा शून्यावर मिटतो. गळ्यातल्या घड्याळाने एकूण वेळ २π × म, म्हणजे एका सूर्यासाठी ३१ मायक्रोसेकंद. एवढ्यात प्रकाशही पार होत नाही. मोठं विवर घेऊनही उपयोग नाही, कारण गळ्याचं आयुष्य आणि पार करायचं अंतर दोन्ही म च्याच प्रमाणात वाढतात.

दुसरी जागा जास्त मूलभूत आहे. ते चार भागांचं चित्र ‘कायमचं’ विवर धरून काढलेलं आहे, म्हणजे अनादि काळापासून असलेलं. खरी विवरं तारे कोसळून होतात. कोसळणाऱ्या धुळीच्या गोळ्याचं अचूक उत्तर १९३८ मध्ये बी. दत्त यांनी आणि १९३९ मध्ये ओपेनहायमर व स्नायडर यांनी दिलं. ताऱ्याच्या आतला भाग घेतला की चित्रातला श्वेतविवराचा आणि दुसऱ्या विश्वाचा भाग पुसला जातो. त्या जागी ताऱ्याचं द्रव्य येतं. दुसरं विश्व मागे कुठे लपलंय असं नाही, त्या उत्तरात ते नसतंच. मला विचाराल तर या विषयावरच्या प्रत्येक लेखात चार भागांचं चित्र छापताना शेजारी हे दुसरं चित्र छापायलाच हवं.

शततारका

+१. आणि ‘ओपेनहायमरची धूळ अगदी गोल होती, खरा तारा वेडावाकडा, मग सिंग्युलॅरिटी टळेल’ ही पळवाट १९६५ मध्ये पेनरोझ यांनी बंद केली. बाहेर सोडलेला प्रकाशसुद्धा आकुंचन पावतो असा बंदिस्त पृष्ठभाग एकदा तयार झाला आणि ऊर्जेची घनता ऋण नसली, की किरणांचे मार्ग अपुरे संपणारच, आकार कसाही असो. त्या सिद्धतेचा पाया अमलकुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण. २०२० च्या नोबेलचा अर्धा वाटा पेनरोझना याच कामासाठी मिळाला.

पण प्रमेय काय सांगत नाही तेही लक्षात ठेवावं लागतं. मार्ग संपतात एवढंच ते सांगतं. तिथे वक्रता अनंत होते असं ते सांगत नाही. फिरणाऱ्या विवरांची सगळी गुंतागुंत या फटीतून शिरते.

लंबवर्तुळ

बरोबर. तर फिरणारं विवर, म्हणजे केरचं १९६३ चं उत्तर. निसर्गातली विवरं फिरतात, त्यामुळे हेच खरं महत्त्वाचं.

फिरकी ० ते १ अशी मोजतात. ०.९ घ्या. बाहेरचं क्षितिज १.४४ म वर आणि आत आणखी एक क्षितिज ०.५६ म वर. दोन क्षितिजांच्या मध्ये त्रिज्या काळासारखी वागते, पण आतलं क्षितिज ओलांडल्यावर ती पुन्हा जागेची दिशा होते! म्हणजे सिंग्युलॅरिटी टाळता येते. ती बिंदू नसून कडं असते आणि कागदावर त्या कड्यातून किंवा बाजूने दुसऱ्या विश्वात जाता येतं. विवराच्या पलीकडे जायचा हा कागदावरचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

तो आतल्या क्षितिजावर तुटतो. कारण असं: आतल्या क्षितिजाकडे जाणाऱ्याला बाहेरच्या विश्वाचा संपूर्ण भविष्यकाळ मर्यादित वेळात येऊन गाठतो. बाहेरून जितका उशिरा निघालेला प्रकाश, तितकी त्याची नीलसृती (वारंवारता आणि ऊर्जा वाढणं) जास्त, आणि ही वाढ घातांकी आहे. ०.९ फिरकीच्या १० सूर्यांच्या विवरात बाहेरून निघायला होणाऱ्या दर १२८ मायक्रोसेकंद उशिरामागे २.७ पट. एक मिलिसेकंद उशिरामागे सुमारे अडीच हजार पट. सॅजिटेरियस ए* एवढ्या विवरात तोच २.७ चा टप्पा ५५ सेकंदांचा, पण परिणाम तोच.

पेनरोझ यांनी १९६८ मध्ये हे दाखवून दिलं होतं. १९९० मध्ये पॉयसन आणि इस्रायल यांनी पुढची पायरी मोजली. आत येणारा किरणोत्सार आणि वक्रतेने परतवलेला थोडासा उलटा किरणोत्सार एकमेकांतून गेले की आतलं परिणामी वस्तुमान घातांकी वेगाने फुगतं. विवर तयार झाल्यावर उरलेली थरथर काळाच्या एका घातानुसार मंदावत जाते हे खरं, पण घातांकी वाढीपुढे कुठलीही घाताची घट तोकडीच पडते. थरथर पूर्ण थांबली तरी विश्वात सगळीकडे पसरलेलं २.७ केल्व्हिनचं प्रारण आत पडत राहणारच. त्यामुळे ‘अगदी स्वच्छ, एकटं विवर’ ही अट प्रत्यक्षात कधीच पुरी होत नाही.

पाथेय

म्हणजे आतल्या क्षितिजावर सगळं संपतं असं धरायचं का?

लंबवर्तुळ

इतकं सरळ नाही, आणि मला वाटतं ही या विषयातली सर्वांत रंजक जागा आहे. तिथे भरतीबल अनंत होतं, पण ते इतक्या झपाट्याने वाढतं की वस्तूला प्रत्यक्ष ताणायला त्याला वेळच मिळत नाही. एकूण ताण मर्यादित राहू शकतो. २०१७ मध्ये डाफर्मोस आणि लूक यांनी दाखवलं की फिरणारं विवर बाहेर अपेक्षेप्रमाणे स्थिरावत असेल तर आतल्या क्षितिजाशी अवकाशकाळ सलग पुढे नेता येतो. पण तो इतका खडबडीत असतो की आइन्स्टाइनची समीकरणं तिथे नेहमीच्या अर्थाने लिहिता येत नाहीत. पुढे रस्ता दिसतो, पण त्यावर कोणता नियम चालतो ते व्यापक सापेक्षता सांगू शकत नाही.

आणखी एक पीळ. विश्व प्रवेगी प्रसरण पावत असेल तर बाहेरची थरथर घाताने नाही, घातांकी वेगाने विरते. मग दोन घातांकी गतींची शर्यत होते. २०१८ मध्ये दिसलं की जवळजवळ कमाल विद्युत्‌भार असलेल्या विवरात विरणं जिंकू शकतं. त्याच वर्षी फिरणाऱ्या विवरांसाठी केलेल्या गणितात मात्र नीलसृतीच जिंकली. निसर्गात भारित विवरं जवळपास नसतातच, तेव्हा आपल्या कामाचा निकाल दुसरा.

ध्रुवमत्स्य

उत्तम. श्वेतविवराबद्दल कुणी लिहील का? कृष्णविवराला उलट चालवलं की जे मिळतं ते: ज्यातून फक्त बाहेर येता येतं, आत जाता येत नाही.

शततारका

लिहिते. १९६४-६५ मध्ये नोव्हिकोव्ह आणि नेमन यांनी क्वेझार (फार दूरचे, अतितेजस्वी स्रोत) म्हणजे उशिरा फुटलेले विश्वाचे तुकडे असतील अशी कल्पना मांडली होती. १९७० च्या दशकात नारळीकर आणि अप्पाराव यांनीही उच्च ऊर्जेच्या घटनांसाठी श्वेतविवरं तपासली. त्या काळी हे अगदी गंभीर प्रस्ताव होते. आज क्वेझारची ऊर्जा कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्यातून येते हे पक्कं आहे.

अडचण एर्डली यांनी १९७४ मध्ये दाखवली. श्वेतविवराच्या क्षितिजावर बाहेरचा थोडासाही प्रकाश पडला तरी तो आत जाऊ शकत नाही. तो तिथेच साचतो आणि त्याची नीलसृती घातांकी वाढत जाते. साचलेली ऊर्जा स्वतःचं क्षितिज तयार करते आणि श्वेतविवर काही फुटायच्या आत कृष्णविवर होऊन बसतं. वर लंबवर्तुळ यांनी लिहिलेला रोगच पुन्हा, फक्त बाहेरच्या अंगाला.

कणाद

आता क्वांटम बाजू. वरच्या सगळ्या वाटा जुन्या, क्वांटम नसलेल्या सापेक्षतेत तपासल्या गेल्या आहेत. वक्रता प्लांक मोजमापाला (जिथे गुरुत्वाचे क्वांटम परिणाम टाळता येत नाहीत) पोचते तिथे ती अपुरी पडते, त्यामुळे ‘त्या क्षणानंतर काय’ याचं उत्तर द्यायला पुढची चौकट लागते. तीन उत्तरं मला विचारात घेण्यासारखी वाटतात.

पहिलं, उसळी. लूप क्वांटम गुरुत्वात (गुरुत्वाचा एक प्रस्तावित क्वांटम सिद्धांत) क्षेत्रफळाला सर्वांत लहान, शून्य नसलेली किंमत असते. त्यामुळे वक्रतेला वरची मर्यादा येते. २०१८ मध्ये अभय अष्टेकर, ओल्मेदो आणि परमप्रीत सिंग यांनी दिलेल्या प्रतिमानात सिंग्युलॅरिटीच्या जागी एक संक्रमण पृष्ठभाग येतो. त्याच्या एका बाजूला सगळे किरण आकुंचन पावतात, दुसऱ्या बाजूला प्रसरण पावतात. म्हणजे कृष्णविवराच्या भविष्यात श्वेतविवर. वक्रतेची कमाल किंमत विवराच्या वस्तुमानावर अवलंबून नसते, हा या प्रतिमानाचा गुण. टीका अशी की सममिती आधीच गृहीत धरून समीकरणं क्वांटम केलेली आहेत आणि सहनिर्देशक बदलले तरी निकाल तोच राहतो का, यावर मतभेद आहेत.

हॅगर्ड आणि रोव्हेली यांनी २०१४ मध्ये हीच उसळी आपल्याच विश्वात, त्याच जागी उघडणारी दाखवली. बाहेरच्याला लागणारा वेळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्लांक एककांत हिशेब केला तर आज फुटणारी आदिम (विश्वाच्या सुरुवातीला झालेली) विवरं साधारण चंद्राच्या वस्तुमानाची असावीत, म्हणजे क्षितिज मिलिमीटरच्या दशांशात. एका सूर्याएवढ्या विवराला हाच हिशेब १० चा २५ वा घात एवढी वर्षं देतो. त्यामुळे एर्डलींचा आक्षेप इथेही विचारावाच लागतो: इतका काळ श्वेतविवर स्थिर कसं? उत्तर असं देतात की श्वेत टप्पा फार शेवटी आणि थोडा वेळ असतो. मला ते पुरेसं वाटत नाही.

दुसरं उत्तर, बाष्पीभवन: क्वांटम परिणामांमुळे विवर प्रारण सोडत हळूहळू घटतं. हॉकिंग, १९७४. एका सूर्याच्या विवराचं तापमान ६.२ × १० चा उणे ८ वा घात केल्व्हिन, आयुष्य सुमारे २ × १० चा ६७ वा घात वर्षं. २.७ केल्व्हिनच्या विश्वात असं विवर उलट वाढतंच. आज घटायला सुरुवात व्हायची तर वस्तुमान ४.५ × १० चा २२ वा घात किलोपेक्षा, म्हणजे चंद्राच्या सुमारे ६० टक्क्यांपेक्षा कमी हवं.

इथे माहितीचा प्रश्न येतो: आत पडलेल्याची माहिती विवराबरोबर नष्ट होते की टिकते? १९९३ मध्ये पेज यांनी दाखवलं की माहिती टिकायची असेल तर बाहेर पडलेल्या प्रारणाची एन्ट्रॉपी आधी वाढून मधल्या काळानंतर घटायला हवी. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अर्धक्वांटम (द्रव्य क्वांटम, गुरुत्व जुनंच) गणितातूनच तसा वक्र काढला. त्याचा अर्थ विलक्षण आहे: उतारवयातल्या विवराच्या आतला एक भाग हा बाहेर पडलेल्या प्रारणाचाच हिस्सा मानावा लागतो. म्हणजे क्षितिजाच्या पलीकडे असलेलं जे काही, ते अतिशय गुंतागुंतीच्या रूपात आपल्याच विश्वात बाहेर येऊन पोचलेलं असतं. वेगळं विश्व लागत नाही. गणित मुख्यतः सोप्या प्रतिमानांत झालं आहे हे खरं, तरी मला स्वतःला हे तिन्हींत सर्वांत भरवशाचं वाटतं.

तिसरं, आतला भागच नाही. २०१२ चा ‘अग्निभिंती’चा (क्षितिजावरच जाळून टाकणाऱ्या ऊर्जेच्या थराचा) युक्तिवाद असा की माहिती टिकते, क्षितिजापाशी काही विशेष घडत नाही आणि क्षितिजाबाहेर नेहमीचा क्वांटम सिद्धांत चालतो, ही तीन विधानं जुन्या विवरासाठी एकत्र टिकत नाहीत. क्षितिजावरच सगळं संपत असेल तर पलीकडचा प्रश्नच उरत नाही. वरच्या २०१९ च्या कामाने याची निकड बरीच कमी केली, पण पुरती मिटवलेली नाही.

पाथेय

आणि पार करता येणारे वर्महोल? ऋण ऊर्जेचे?

कणाद

मॉरिस आणि थॉर्न, १९८८. गळा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा लागते. क्वांटम क्षेत्रात ती थोडी मिळते, पण फोर्ड आणि रोमन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की ती जितकी जास्त हवी तितका कमी वेळ टिकते. २०१६ मध्ये गाओ, जाफेरिस आणि वॉल यांनी दोन टोकं बाहेरून जोडून गळा क्षणभर पार करता येतो हे दाखवलं. मात्र त्यातून जायला बाहेरच्या रस्त्यापेक्षा लवकर पोचता येत नाही, हे त्या गणितातच अंतर्भूत आहे. २०२२ ची क्वांटम संगणकावर ‘वर्महोल तयार केल्याची’ बातमी ९ क्युबिटच्या प्रणालीबद्दल होती. तिथल्या गतिकीचं गुरुत्वाच्या भाषेत वर्णन करता येतं असा तो दावा होता आणि तोही वादात सापडला. अवकाशात कुठे भोक पडलं नव्हतं.

नक्षत्ररेषा

आपलं विश्वच एखाद्या कृष्णविवरात आहे, या कल्पनेचं काय? दृश्य विश्वाचं वस्तुमान घेतलं तर त्याची श्वार्ट्‌झशिल्ड त्रिज्या विश्वाच्या आकाराएवढीच येते म्हणतात.

अनुकलन

@नक्षत्ररेषा, येते, आणि ती यायलाच हवी. सपाट विश्वाची क्रांतिक घनता = ३ × हबल स्थिरांकाचा (विश्वाच्या प्रसरणाच्या दराचा) वर्ग भागिले (८π × गुरुत्वस्थिरांक). प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक एवढ्या त्रिज्येच्या गोलात ती भरा, वस्तुमान काढा, त्यातून २ म काढा. उत्तर पुन्हा प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक. कुठल्याही सपाट विश्वात, कुठल्याही काळी हे असंच येणार. मोजमापातून निघालेला हा योगायोग नाही, सूत्राची फेरमांडणी आहे.

आणि दिशा उलटी आहे. विवरात सिंग्युलॅरिटी भविष्यात असते, आपल्या विश्वात महास्फोट भूतकाळात आहे. साम्य शोधायचंच तर ते श्वेतविवराशी. १९७२ मध्ये पथ्रिया यांनी विश्व म्हणजे कृष्णविवर ही कल्पना मांडली होती; नंतर विवराच्या आत उसळी होऊन नवं विश्व जन्मतं असे प्रस्ताव आले. तर्काने त्यांत विसंगती नाही. पण क्रांतिक घनतेची बरोबरी हा त्यांचा पुरावा म्हणून चालणार नाही.

शततारका

निरीक्षणाने यातलं काय तपासता येतं ते लिहिते. आतून संकेत येत नाही, पण पलीकडे काही वेगळं असेल तर त्याचा ठसा क्षितिजाच्या जवळच्या भागावर पडू शकतो.

घंटानाद: १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी दाखवलं की ढवळलेलं विवर ठरावीक सुरात थरथरून शांत होतं. न फिरणाऱ्या विवराची मुख्य वारंवारता १२.१ किलोहर्ट्‌झ भागिले सूर्यांची संख्या. मंदावायचा काळ ५५ मायक्रोसेकंद गुणिले सूर्यांची संख्या. फिरकीने वारंवारता वाढते आणि विश्वाच्या प्रसरणाने लहर ताणली जाऊन (ताम्रसृती) घटते, या दोन्ही दुरुस्त्या न करता आकडा ताडून पाहिला तर हमखास चुकतो. दोन विवरं विलीन होताना निघालेल्या १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या गुरुत्वलहरीत (अंतिम विवर ६२ सूर्य, फिरकी ०.६७) सुमारे २५० हर्ट्‌झ आणि ४ मिलिसेकंद ही अपेक्षा होती आणि संकेत तिच्याशी जुळला.

प्रतिध्वनी: क्षितिजाऐवजी गळा किंवा परावर्तक पृष्ठभाग असेल तर घंटानादानंतर ठरावीक अंतराने क्षीण प्रतिध्वनी यावेत. पृष्ठभाग क्षितिजापासून प्लांक लांबीवर धरला तर पहिल्या घटनेसाठी हे अंतर सुमारे ०.३ सेकंद. २०१६ अखेरीस एका गटाने असे प्रतिध्वनी दिसल्याचा दावा केला. नंतरच्या स्वतंत्र विश्लेषणांत तो टिकला नाही. इथे गोंगाटाची पार्श्वभूमी किती सेकंदांच्या पट्ट्यातून काढली यावर निकाल फार हलतो. या पद्धतीचा कच्चा दुवा तोच आहे.

क्षेत्रफळ: १४ जानेवारी २०२५ ची लहर आतापर्यंतच्या सर्वांत स्पष्ट लहरींपैकी. विलीन होण्याआधी दोन क्षितिजांचं मिळून सुमारे २.४ लाख चौरस किमी, नंतर सुमारे ४ लाख. क्षेत्रफळ घटत नाही हा हॉकिंगचा नियम पाळला गेला.

सावली: न फिरणाऱ्या विवराच्या सावलीचा (प्रकाशाच्या कड्यातल्या काळ्या भागाचा) व्यास १०.४ म. एम८७* चं कडं ४२ मायक्रोआर्कसेकंद (२०१९), सॅजिटेरियस ए* चं ५२ च्या जवळ (२०२२). १.३ मिमी तरंगलांबीवर पृथ्वीएवढ्या व्यासाच्या दुर्बिणीची विभेदनक्षमता २० मायक्रोआर्कसेकंदांच्या आसपास, त्यामुळे कड्याच्या आतले बारीक तपशील अजून हाती नाहीत. काही वर्महोल प्रतिमानांत मुख्य कड्याच्या आत आणखी एक पातळ कडं दिसायला हवं. त्यासाठी कमी तरंगलांबी किंवा अवकाशात दुर्बीण हवी.

आणि एक कल्पक तपासणी २०१९ मध्ये सुचवली गेली: सॅजिटेरियस ए* वर्महोल असेल तर पलीकडच्या ताऱ्यांचं गुरुत्व गळ्यातून झिरपून त्याच्याभोवती फिरणाऱ्या एस२ ताऱ्याच्या १६ वर्षांच्या कक्षेत सूक्ष्म फरक पाडेल. आजची अचूकता त्यासाठी फार कमी पडते. फरक सापडला तरी तो इकडच्याच एखाद्या न दिसणाऱ्या वस्तूमुळे नाही, हे वेगळं दाखवावं लागेल.

पाथेय

अनुकलन, क्षितिजाच्या आतलं हे गणित संगणकावर स्वतः करून पाहायचं तर सुरुवात कुठून करावी?

अनुकलन

न फिरणाऱ्या विवरापासून करा, म = १ धरा. श्वार्ट्‌झशिल्डचे सहनिर्देशक घेऊ नका. २ म वर काळाचा सहनिर्देशक अनंत होतो आणि प्रोग्राम शून्याने भागायला जातो. तो दोष नकाशाचा आहे, जागेचा नाही. पेनलेव्ह आणि गुलस्ट्रँड यांचे (१९२१-२२) घ्या. त्यात काळ म्हणजे दूरवरून पडणाऱ्याचं घड्याळ.

आधी फक्त प्रकाश चालवा. त्रिज्येला ‘र’ म्हणा. बाहेर रोखलेल्या किरणाचा वेग = १ − √(२/र). र = ८ वर अर्धा, बाहेर. र = २ वर शून्य. र = ०.५ वर उणे १, म्हणजे बाहेर रोखलेला किरणही प्रकाशवेगाने आत. एवढं केलं की धाग्याच्या सुरुवातीचा मुद्दा पडद्यावर दिसतो.

मग पडणारी वस्तू: वेग = −√(२/र). चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा पद्धत पुरते, पण पायरी कायम ठेवू नका. ती र च्या दीड घाताच्या प्रमाणात घटवा, नाहीतर शेवटच्या टप्प्यात त्रिज्या ऋण होऊन वर्गमूळ कोसळतं. र = ०.००१ ला थांबा. २ पासून तिथवरचा वेळ १.३३३ च्या अगदी जवळ यायला हवा, १.३२ किंवा १.३४ आला तर पायरी मोठी आहे. आडव्या वेगाने पडणारी वस्तू घ्याल तेव्हा दर पायरीला चतुर्वेगाचा (अवकाशकाळातल्या वेगाचा) वर्ग उणे १ राहतो का ते तपासा. तो लाखात एक भागापेक्षा जास्त ढळला की पुढचे आकडे टाकून द्या.

फिरणाऱ्या विवराला बॉयर-लिंडक्विस्ट सहनिर्देशक दोन्ही क्षितिजांवर बिघडतात, तेव्हा तिथे डोरानचे वापरा. आणि आतल्या क्षितिजाच्या (०.९ फिरकीला ०.५६ म) आत प्रोग्राम बिनतक्रार पुढे जाईल, कडं ओलांडून दुसऱ्या विश्वातही नेईल. ते आकडे वापरू नका. लंबवर्तुळ यांनी लिहिलेला साचलेला किरणोत्सार त्या समीकरणात घातलेलाच नाही.